एकोणीस आटे, अठरा आटे

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये दुपारी तीनला
केतनभाईंनी टेबलावर ठेवली
काळी नळी, स्कूटरच्या डिकीतल्या उन्हानं अजून गरम.
"सबनीसबेन, सेम टु सेम. अर्ध्या भावात."
मी चष्मा पुसला.
सेम टु सेमसाठी माझ्याकडे एक खण आहे, तळाचा,
तो हल्ली पुरता लागत नाही.

झंखना, इकडे ये.
आयटीआयत शिकवलं असेल, तरी पुन्हा ऐक.
नखाएवढ्या जागेवर सहा पोती गहू,
तीनशे बार म्हणजे एवढंच.
ती पोती पेलून दिवसभर उभी राहणार
ही करंगळीएवढी नळी.
तिला विचार, नाव काय, गाव कुठलं,
जन्म कुठल्या सालचा, किती सोसशील.
तीनशेला लागणारी तीनशेची घ्यायची नसते,
बाराशेच्या आत फुटायची नाही अशी घ्यायची.
आणि हे सगळं जिच्या अंगावर कोरलेलं नाही,
नुसतं कागदावर लिहून चिकटवलंय,
तिच्याशी सोयरीक नको.

मी ब्लेडनं वीतभर कापली.
"अरे अरे," केतनभाई म्हणाले.
आत तारेची वीण एकपदरी,
घाईत आटोपलेल्या स्वेटरसारखी,
आणि टोकाच्या पितळेवर पकडीचे दात.
मशीननं दाबलेलं असं चावल्यासारखं दिसत नाही.

आता हा जोड घे. भिंतीवरच्या व्हॉल्व्हला लाव.
फिरव.
एक. दोन. जातोय ना?
तिसऱ्याला अडला.
अडला म्हणजे बसला, असं वाटतं;
माणसं फसतात ती इथं.
ह्याचे इंचाला एकोणीस आटे, भिंतीवरच्याचे अठरा.
एका आट्याचा फरक
बोटांना कळत नाही,
वर गुंडाळलेल्या टेफलॉनला कळत नाही.
हवेला कळतो.

वर बघ, पत्र्याला ते भोक.
मानेकाकांच्या वेळचं.
दाराशी बंबवाल्यांची गाडी, सोळा बाटले भरायचे,
आणि काकांनी पंक्चरवाल्याकडचा जोड लावला.
"आजच्या दिवस," म्हणाले.
सुटलेली नळी चाबूक होते, झंखना,
आणि चाबूक कोणाचा पगार किती ते बघत नाही.
काका आहेत. दांडिया बाजारात असतात.
एका बाजूनं जेवतात.
गेलं की अजून पहिलं हेच विचारतात,
दोन्ही टोकांना दोर बांधलीस का?
शेठ म्हणतात, भोक बुजवून घ्या.
मी दरवर्षी नवीन कोटेशन मागवते.

केतनभाईंनी उरलेली नळी गुंडाळली,
दारात थांबले.
"बीजे क्यांक तो वेचाशे ज, बेन."
खरं होतं. दुसरीकडे खपणारच होती.
कुठल्या तरी शेडमध्ये
कोणीतरी उद्या घाईत असणार होतं.

मी पाकीट काढलं. माझं, कंपनीचं नव्हे.
त्यांनी पैसे दोनदा मोजले, माझ्याकडे एकदा पाहिलं,
आणखी तीन आहेत म्हणाले, आणू का?
मी हसले नाही.
झंखनानं एक टोक धरलं, मी दुसरं,
वीत वीत कापत गेलो.
तुकडे खणात मावले नाहीत,
तिनं गुडघा लावून पाहिला.

मग आमची जुनी नळी, चार वर्षांची, पुढच्या दिवाळीला बदलायची.
मी म्हटलं, आज तू लाव.
सील अंगठ्यानं चाचपलं, तेलाचा हात साडीला नाही,
चिंध्यांच्या डब्यात पुसला,
दोर बांधली,
चावी पाव आटा.
काटा हलला.
हळू. बाटला तापू देऊ नकोस.
हा ज्याच्या पाठीवर जाईल त्याला
ना माझं नाव माहीत, ना तुझं,
धुरात त्याला फक्त काचेवरचा घाम दिसेल.
चाळीस. साठ.

"बेन," ती म्हणाली, "आवाज येतोय."
कुठून?
ती वाकली नाही, कान लावला नाही.
आधी चावी बंद केली,
मग म्हणाली, "माहीत नाही."

बरोबर, म्हटलं. आता शोधू.